उन्हाळ कांदा दसऱ्यापर्यंत चाळीत कसा टिकवावा?

प्रश्न
नमस्कार मंडळी. येवला तालुक्यातील आमच्या शेतात एन-2-4-1 वाणाचा उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये काढणीला येईल. भाव पाहून दसऱ्यापर्यंत थोडाथोडा विकण्याचा विचार आहे. मात्र दरवर्षी श्रावणात कांद्यावर काजळी (काळी बुरशी) चढते आणि तळाचा थर सडतो. नवी चाळ (कांदा साठवण्याचा हवेशीर निवारा) बांधावी काय, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1
चाळीचा खर्च करण्यापूर्वी शेतातील कामाकडे पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण चाळीत दिसणारी सड बहुधा शेतातूनच येते. नत्राचे सर्व हप्ते लागवडीपासून 60 दिवसांच्या आत संपवावेत. उशिरा युरिया दिल्यास मान (कांदा व पात जुळतात तो भाग) जाड राहते आणि असा कांदा नीट सुकत नाही. काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे आणि निम्म्या माना पडल्यावर काढणी करावी. काढलेला कांदा अशा रीतीने पसरावा, की एका ओळीची पात शेजारच्या ओळीतील कांद्यावर येईल आणि तो उन्हाने भाजणार नाही. तीन ते पाच दिवसांनी मानेला पीळ देऊन, दोन-अडीच सेंटिमीटर मान राखून पात कापावी. विळा कांद्याला अगदी लागून चालवला तर तोंड उघडे राहते व तेथूनच बुरशी शिरते. पुढे 10 ते 12 दिवस सावलीत सुकवावे. चाळीत भरण्यापूर्वी मान दोन बोटांत दाबून पाहावी. ती मऊ किंवा ओलसर लागली तर कांदा आणखी सुकू द्यावा. जोड, डेंगळे (फुलाचा दांडा आलेला) व मार लागलेला कांदा साठवू नये, लगेच विकावा.

उत्तर 2
वरील मताशी सहमत आहे. चाळीपुरते सांगायचे तर थर चार-पाच फुटांपेक्षा उंच नसावा, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर असावा आणि खालून वारा खेळावा. छपराला लोखंडी पत्रा असल्यास त्यावर उसाचे पाचट अंथरावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. काही जण थरांमध्ये कीटकनाशकाची भुकटी टाकतात. ते योग्य आहे काय?

उत्तर 1
कृपया टाकू नये. हा कांदा कोणाच्या तरी ताटात जाणार आहे, शिवाय त्या भुकटीने सड थांबत नाही. झडीच्या दिवसांत वाऱ्याच्या बाजूने पडदे सोडावेत, पाऊस उघडताच ते गुंडाळावेत, आणि वास येऊ लागल्यास चाळीच्या त्या पाखीतील (कप्प्यातील) कांदा आधी विकावा.