मदत हवी आहे: माया लोकांचे दगडात कोरलेले आकडे मेरिदाजवळ कुठे बघायला मिळतील?

नमस्कार मंडळी,

सध्या आम्ही मेक्सिकोत, मेरिदाला आहोत. सोबत आई-बाबा आहेत. बाबा ७३ वर्षांचे, जुन्नरला जन्मभर गणित शिकवलं. दरवर्षी मुलांना नाणेघाटात न्यायचे आणि लेण्यातल्या ब्राह्मी लेखातले आकडे एकेक करून दाखवायचे. माया लोकांनी शून्य स्वतंत्रपणे शोधलं हे वाचल्यापासून त्यांचे आकडे दगडावर बघायचे, हा त्यांचा ध्यास आहे. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य, आणि मोजणी विसाच्या पटीत.

काल अख्खा दिवस चिचेन इत्साला होतो. कुकुल्कानचा पिरॅमिड समोर आला तसे बाबा जागच्या जागी थांबले. चारही बाजूंना ९१-९१ पायऱ्या आणि माथ्यावरची एक धरून ३६५. वर चढायला बंदी आहे, म्हणून खालूनच उत्तरेची बाजू मोजायला घेतली. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं.

गाईडने मात्र दीड तासात सगळं उरकलं. बाबांनी आकड्यांचं विचारलं तर वेळ नाही म्हणून पुढे निघून गेला. फार वाईट वाटलं मला. मग आम्ही दोघांनीच चेंडूच्या मैदानाच्या भिंती, कवट्या कोरलेला चौथरा, खांबांच्या रांगा, सगळं पालथं घातलं. शिंपला कुठेच दिसला नाही. दमून झाडाखाली बसलो, तेव्हा बाबांनी छत्रीच्या टोकाने धुळीत एक रेघ ओढली आणि वर दोन टिंबं दिली. शेजारी लाकडी मुखवटे विकणाऱ्या बाईंनी वाकून बघितलं आणि सात बोटं वर केली. "सिएते!" बाबा एवढे हरखले! "अगं, वाचलं तिने!"

परवा सकाळचं विमान आहे, म्हणजे उद्याचा एकच दिवस हातात आहे. आकडे नक्की दिसतील असं जवळपास काय आहे? उश्माल बाबांच्या गुडघ्यांना झेपेल का?

प्रतिसाद १

ताई, उश्मालच करा. मेरिदाहून साधारण ८० किलोमीटर. तिथे 'गव्हर्नरचा राजवाडा' म्हणतात ती लांबलचक इमारत आहे. तिच्यावर चाक या पर्जन्यदेवाचे लांब नाकाचे मुखवटे ओळीने आहेत. डोळ्यांखाली शुक्राची खूण आहे, आणि उत्तरेकडच्या कोपऱ्यांवरच्या मुखवट्यांवर आठाचा आकडा कोरलाय: एक रेघ, तीन टिंबं. आठच का, ते बाबांना सोडवू द्या. शुक्राचं एक चक्र ५८४ दिवसांचं, एवढीच माहिती त्यांना द्या.

चौथऱ्यावर जायला पायऱ्या आहेत, त्या सावकाश चढा. मुखवटे उंचावर आहेत, दुर्बीण हवीच. पाणी आणि टोपी विसरू नका.

प्रतिसाद २

शिंपला न दिसण्याचं कारण आहे. तो मुख्यतः झाडाच्या सालीच्या कागदावरच्या पोथ्यांत येतो, दगडावर शून्याला बहुधा वेगळी चिन्हं वापरत. पोथ्यांपैकी चारच उरल्यात. १५६२ साली दिएगो दे लांदा या पाद्र्याने याच युकातानमध्ये, मानी गावी, पोथ्या जाळल्या. काकांना हे जपून सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बाबांनी रुमालाच्या कागदावर ५८४ गुणिले ५ केलं, २९२० आले, त्याला ३६५ ने भागलं आणि पेन खाली ठेवून आईला हाक मारली. मानीचं अजून सांगितलेलं नाही, संध्याकाळी सांगेन. उद्या सकाळी सातला निघतोय. मेरिदात दुर्बीण भाड्याने किंवा विकत कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का? आज रात्रीपर्यंत कळलं तर बरं होईल.