नाग नदीवरचे ठेंगणे पूल पाडायचे का?

धंतोलीकर: 23 सप्टेंबर 2023ची पहाट आठवते ना? नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि पंचशील चौकाजवळचा नाग नदीवरचा पूल खचला. पूल तो केवढासा! पण तो गेला आणि बर्डी-धंतोलीचा सरळ रस्ता तुटला. आईचं डायलिसिस धंतोलीत, मी तेव्हा बर्डीत राहायचो. पाच मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागायचा, ती मागच्या सीटवर डोळे मिटून बसायची. नदीवरचा असा प्रत्येक जुना पूल पाडून उंच बांधा. पुढच्या पुराची वाट कशाला?

बर्डीचा दुकानदार: दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण रस्ता बंद होता तेव्हा आमची दुपारी बारापर्यंत बोहनी होत नव्हती. पूल उंच केला की दोन्हीकडे चढ येणार, कडेची दुकानं खड्ड्यात जाणार. पूल दुरुस्त करा आणि आधी गाळ उचला. उन्हाळ्यात काढतात अन् काठावरच टाकून ठेवतात, पहिल्या पावसात तो पुन्हा नदीत.

नदीकाठचा: काल महाल भागातल्या एका पुलाखाली उतरलो होतो. मधल्या खांबाला पन्न्या, नारळ, गादीची खोळ आणि एक तुटका पाळणा अडकून होता. असा कचरा अडला की पाणी वरच्या अंगाला तुंबतं आणि खांबाच्या पायथ्याची माती खरडून नेतं. वरून पूल धडधाकट दिसतो, खालून पोकळ होऊन राहतो. रस्ता रुंद करून पाण्याची वाट रुंद होत नाही. मधला खांब काढा, एकाच गाळ्याचा पूल बांधा. उंची थोडीच वाढवली तरी चालेल.

महालची ताई: हे पटतं. उंच पुलाला मात्र माझा साफ विरोध. महालातून रेशीमबागेकडे आमच्याकडची म्हातारी माणसं पैदल जातात. चढ त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही.

बर्डीचा दुकानदार: खांब काढायला माझी ना नाही. पण आधी शेजारी पैदल जायला लोखंडी पूल टाका, मग जुन्याला हात लावा.

धंतोलीकर: भाऊ, लोखंडी पुलावरून अ‍ॅम्बुलन्स जात नाही. गाडी जाईल असा तात्पुरता रस्ता आधी द्या, तेवढ्यावर मी उंचीचा हट्ट सोडतो.