मदत हवी आहे: गोड-खारे चीज टोस्ट पाहुण्यांपर्यंत पोहोचेस्तोवर सादळतात

खारघर_कट्टा

येत्या शनिवारी सोसायटीच्या गच्चीवर २० माणसं आहेत. जेवणाआधी तोंडात टाकायला इटालियन क्रोस्टिनीच्या धर्तीवर काहीतरी करायचं आहे: पावाची भाजलेली चकती, त्यावर चीज, वर अंजिराचा जॅम आणि मधाची धार. चाचणीसाठी १२ नग केले, ते फसले. काय केलं ते जसंच्या तसं लिहिते.

मॉलमधला मऊ फ्रेंच लोफ, त्याच दिवशीचा. अर्ध्या सेंटीमीटरच्या सरळ चकत्या, दोन्ही बाजूंना मीठवालं बटर. ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) २०० अंशांवर, ५ मिनिटं. छान रंग आला, लगेच डब्यात भरून झाकण लावलं. नंतर फ्रीजमधलं क्रीम चीज लावलं (लावताना चार चकत्या मोडल्या), वर जॅम आणि मध घालून पुन्हा ३ मिनिटं ओटीजीत. मध कडेने काळा पडला. अर्ध्या तासात टोस्ट वातड झाले, मधोमध ओले लागत होते आणि जॅम ओघळून ताटलीवर आला. चवही नुसतीच गोड.

६० नगांसाठी एवढं क्रीम चीज घेणं महाग पडतं, घरगुती पर्याय आहे का? पाहुण्यांत चार जण जैन आहेत, एक बाळही आहे. ओटीजी २८ लिटरचा आहे.

दातेरी_सुरी

तुमचे टोस्ट भाजले गेले, वाळले नाहीत. सगळी गडबड तिथे आहे. २०० अंशांवर ५ मिनिटांत वरचा पापुद्रा लाल होतो, पण आतला ओलावा आतच राहतो. गरम असेपर्यंत कुरकुरीत वाटतं, गार होताना आतलं पाणी बाहेरच्या पापुद्र्यात येतं आणि टोस्ट वातड होतो. त्यात तुम्ही गरम असतानाच झाकण लावलंत, म्हणजे वाफ पुन्हा पावातच मुरली.

पाव आदल्या दिवशीचा घ्या. ताजा पाव कापताना दबतो, चुरा होतो. फक्त तो फ्रीजमध्ये ठेवू नका, पाव सगळ्यात लवकर शिळा फ्रीजमध्येच होतो. कागदी पिशवीत ओट्यावर राहू द्या. कापायला दात्यांची सुरी हवी, दाबायचं नाही, करवतीसारखी मागेपुढे चालवायची. जाडी ८ मिलिमीटर ते १ सेंटीमीटर. अर्धा सेंटीमीटर म्हणजे चीज लावताना मोडणारच, आणि दीड सेंटीमीटर म्हणजे पाहुण्यांच्या हिरड्यांची परीक्षा. सुरी तिरकी धरलीत तर चकती लांबट होते, बोटात धरायला जागा मिळते.

ओटीजी १० मिनिटं आधी तापवा. १५० अंश, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, मधली जाळी. ९-१० मिनिटांनी चकत्या उलटा आणि त्याच वेळी ट्रेही फिरवा, कारण बहुतेक ओटीजीत मागची बाजू जास्त तापते. पुन्हा ८-१० मिनिटं. मग बंद करून दार बोटभर उघडं ठेवून १० मिनिटं तसेच राहू द्या. रंग फिकट बदामी हवा, त्यापुढे नको. परीक्षा: एक टोस्ट बाहेर काढून दोन मिनिटं गार करा आणि मधोमध मोडा. कट्‌कन तुटला तर झाला. आधी वाकून मग तुटला तर सगळ्यांना आणखी ४ मिनिटं द्या. गरम टोस्ट मोडून पाहू नका, फसवतो.

गार करायला जाळीच हवी. सपाट ताटात ठेवलात तर खालच्या बाजूला घाम धरतो.

नौपाडा_खाऊगल्ली

बटर का फसतं तेही सांगते. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, ते पावात जातं. शिवाय मीठवालं बटर, त्यावर खारं चीज, म्हणजे मीठ दोनदा. ऑलिव्ह तेल ब्रशने लावा, ६० चकत्यांना ५-६ टेबलस्पून पुरतं. साजूक तूपही चालतं. त्यात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे चीज आणि पाव यांच्यात ते पडद्यासारखं काम करतं. तुपाचा वास अंजिराशी छान जुळतो, हे माझं मत. चीजची बाजू नीट माखा, खालच्या बाजूला नुसता हात फिरवा.

फ्रेंच लोफ मिळाला नाही तर बेकरीतला कडक पाव, म्हणजे ब्रून घ्या. उभा कापला की एका पावाच्या ६-७ चकत्या निघतात. लादी पाव नको, फार मऊ आणि ओला. दुकानातला तयार चहाचा टोस्ट तर नकोच. तो गोड असतो, त्यात वेलची असते, चीजबरोबर विचित्र लागतो.

खारघर_कट्टा

ट्रेमध्ये एका वेळी १५ चकत्याच मावतात. म्हणजे चार घाणे! शनिवारी संध्याकाळी कसं जमणार?

दातेरी_सुरी

शनिवारी करूच नका, शुक्रवारी रात्री करून ठेवा. नीट वाळलेले टोस्ट पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दोन दिवस सहज राहतात. पूर्ण गार म्हणजे तासभर तरी जाळीवर. पावसाळ्यात मात्र जाळीवर विसरू नका, खाडीकाठच्या हवेत उघडे टोस्ट दोन तासांत सादळतात. शनिवारी वाढण्याआधी १५० अंशांवर ३-४ मिनिटं दिलीत की पुन्हा ताजे.

ओटीजी अडला तर जाड बुडाचा तवा घ्या. मंद आच, झाकण अजिबात नाही, प्रत्येक बाजू ६-७ मिनिटं. उलथन्याने दाबू नका, दाबल्यावर तिथे तेल जिरतं आणि डाग पडतो. मायक्रोवेव्हने मात्र पाव वाळत नाही. आधी लिबलिबीत होतो, गार झाला की चामडं.

चक्का_मास्तर

आता चीजकडे. ६० नगांना प्रत्येकी १० ग्रॅम धरले तर ६०० ग्रॅम लागेल. सगळं क्रीम चीज कशाला? ४०० ग्रॅम चक्का आणि २०० ग्रॅम फेटा, म्हणजे खाऱ्या पाण्यात ठेवलेलं पांढरं चीज. चक्का आंबट-सौम्य, फेटा खारट. तुमच्या गोड-गोड तक्रारीवर उतारा हाच आहे.

चक्क्यासाठी सायीसकट एक किलो घट्ट, गोडसर दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं. हे सगळं फ्रीजमध्ये, ७-८ तास. आपल्याकडे सवयीने खुंटीला किंवा नळाला टांगतात, पण इथल्या उकाड्यात रात्रभर बाहेर टांगलेलं दही सकाळपर्यंत करकरीत आंबट होतं. एक किलो दह्याचा साधारण ४०० ग्रॅम चक्का मिळतो, दह्याच्या दाटपणानुसार थोडं कमी-जास्त. शेवटी पुरचुंडीवर वजन ठेवून अर्धा तास दाबा. बोटाने चक्क्यात खड्डा केला आणि त्यात पाणी साठलं नाही, की तयार. डेअरीत श्रीखंडासाठीचा तयार चक्का मिळतो, तो आणलात तरी हरकत नाही, फक्त बिनसाखरेचा आहे ना ते विचारून घ्या.

फेटा खाऱ्या पाण्यातून काढून टिपकागदाने कोरडा करा आणि हाताने कुस्करा. मिक्सरच्या छोट्या भांड्यात फेटा आणि दोन चमचे चक्का थांबत थांबत, ५-६ झटके. उरलेला चक्का वाडग्यात चमच्याने मिसळा. सगळा चक्का मिक्सरमध्ये घालून सलग फिरवलात तर तो पातळ होतो आणि मग काही केल्या घट्ट होत नाही. वर मीठ घालायचं नाही. पाव चमचा भरड मिरी आणि एका लिंबाची किसलेली साल, फक्त पिवळा भाग. पांढरा कडू असतो.

लावायच्या २० मिनिटं आधी फ्रीजमधून काढा. थंड चीज ताठ असतं, म्हणून तुमच्या चकत्या मोडल्या.

घणसोली_एक्सप्रेस

एवढं कशाला? मोझरेला किसून घाला, दोन मिनिटं वितळवा, वर मध. मुलं उड्या मारतील.

चक्का_मास्तर

घरात चौघांना गरमागरम द्यायचे असतील तर बिनधास्त. २० माणसांना नाही. मोझरेला गार झाला की पाच मिनिटांत रबर होतो, आणि गच्चीवरच्या वाऱ्यात तर लगेच. घास तोडताना चीजची आख्खी चादर जॅमसकट निघून येते. चीज क्यूब वितळून मऊ राहतं, पण त्याचा खारटपणा एकसुरी असतो.

कोपरी_पूर्व

अंजिराचं बोलू या. तयार जॅममध्ये निम्म्याहून जास्त साखर असते, म्हणून तो गोडमिट्ट लागतो, आणि गरम टोस्टवर पातळ होऊन ओघळतो. सुक्या अंजिराची चटणी करा, भिजवण्याचा वेळ सोडला तर अर्ध्या तासाचं काम.

२०० ग्रॅम सुकं अंजीर. दोरीत ओवलेलं असेल तर दोरीचे धागे आणि देठाचा कडक ठिपका काढून टाका, तो शिजत नाही, दाताखाली खड्यासारखा येतो. बारीक चिरून २५० मिलिलिटर कोमट पाण्यात तासभर भिजत ठेवा. त्याच पाण्यासकट मंद आचेवर, २ टेबलस्पून चिरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ घालून १२-१५ मिनिटं. चमच्याने ठेचत राहा. उतरवल्यावर दीड टेबलस्पून लिंबाचा रस. लिंबू आधी घातलंत तर वास उडून जातो.

झाली की नाही ते कढईत बघून कळत नाही, गरम असताना सगळंच पातळ दिसतं. फ्रीजमधल्या गार ताटलीवर चमचाभर टाका, बोटाने मधून रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर बंद करा. कडेने पाणी पाझरलं तर आणखी दोन मिनिटं. साधारण ४०० ग्रॅम होते, प्रत्येक नगाला एक छोटा चमचा. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते.

पाव किलो अंजिरासाठी वाशीच्या मसाला मार्केटपर्यंत जाण्यात अर्थ नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल. पुरंदरचे ताजे अंजीर बाजारात दिसले तर मात्र चटणी राहू द्या. पातळ काप थेट चीजवर, पण अगदी वाढताना, कारण कापाला पाणी सुटतं.

वरून ८० ग्रॅम अक्रोड, १५० अंशांवर ८ मिनिटं भाजून हाताने मोडलेले. कुरकुरीतपणाचा दुसरा थर मिळतो.

मध ओटीजीत कधीच नको. त्यातली फळसाखर साध्या साखरेपेक्षा लवकर करपते. शेवटी, कच्चाच. आणि बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर त्याला मध चाटवायलाही देऊ नका, हे घरच्यांना आधीच सांगा.

सीवूड्स_४०

जैन पाहुण्यांबद्दल कोणीच बोललं नाही. मध बहुतेक घरांत वर्ज्य असतो हे ठाऊक असतं, पण अंजीरही अनेक जण खात नाहीत, कारण ते वड-पिंपळ-उंबराच्या गोतावळ्यातलं. त्यांच्यासाठी १२ नग वेगळे करा: बिनबियांच्या खजुराची चटणी (कृती वरचीच, गूळ वगळून, पाणी १५० मिलिलिटर) आणि मधाऐवजी काकवीची धार. काकवी मधापेक्षा उग्र असते, नगाला दोन थेंब पुरे. चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघा. आयात केलेलं खरं पार्मेझान चीज वासराच्या रेनेटने (जठरातल्या, दूध फाडणाऱ्या पाचकाने) करतात, ते टाळा. काही जण यीस्टचा पाव किंवा रात्र उलटलेलं दहीही खात नाहीत, आणि सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. चौघांना आधी फोन करून विचारलेलं बरं. त्यांचं ताट वेगळं, चमचाही वेगळा.

खारघर_कट्टा

सगळ्यांचे आभार. काल १० नग पुन्हा केले, १५० अंश, तूप, चक्का-फेटा, अंजीर-चटणी. चव जमली! टोस्टही कट्‌कन मोडला. पण सगळं लावून ट्रे ओट्यावर ठेवला आणि ४० मिनिटांनी खाल्ले, तर चीजखालचा भाग मऊ होता, कडा कुरकुरीत. आता काय राहिलं?

दातेरी_सुरी

वेळ. कितीही वाळवा, कितीही तूप लावा, चक्क्याचं पाणी २० मिनिटांत खाली उतरायला लागतं. गच्चीवर तयार ट्रे नेऊ नका, सामान न्या. टोस्टचा डबा, चीज जाड प्लास्टिक पिशवीत भरून कोपरा कापलेला, चटणी वाटीत, अक्रोड वेगळे. पिशवीने दाबून चीज टाकलं की एका नगाला पाच सेकंदं लागतात, सुरीने पसरायला त्याच्या तिप्पट. चीज कडेपर्यंत नेऊ नका, चहूबाजूंनी बोटभर टोस्ट कोरडा सोडा. एका वेळी २० नगच भरा, ते संपत आले की पुढचे.

चीजची पिशवी बर्फाच्या भांड्यात टेकवून ठेवा. चक्का बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

नौपाडा_खाऊगल्ली

आणि मध बाटलीतून पिळू नका, एका नगावर भस्सकन पडतो. चमचा मधात बुडवून वीतभर उंचावर धरा, धार दोऱ्यासारखी बारीक झाली की मगच ट्रेवरून आडवा हात फिरवा. २० नगांना दोन टेबलस्पून मध पुरून उरतो.