अनुभव धागा : पोट भरलं तरी हात थांबत नाही, ते काहून?

धागाकर्ती
हंगाम वेचणीचा असो की लग्नसराईचा, आरोग्य उपकेंद्रात एक तक्रार ठरलेली असते : "खाणं आवरत नाही." आहार, समुपदेशन, आरोग्य यांत काम करणाऱ्यांनी इथं लिहावं. आपापली रामकहाणी नको. काय विचारता, काय मोजता, कुठं फसतं, तेवढं सांगा.

वावरातली_आहारतज्ज्ञ
मनाकडं जायच्या आधी घड्याळ पाहा. पहाटे पाचला उठून सगळ्यांचे डबे करणारी बाई स्वतः काळ्या चहावर वावरात जाते आणि दुपारी एकला शिदोरी सोडते. संध्याकाळी चुलीपाशी उभ्यानं भाकर-चटणी होते, ती जेवणात कोणीच धरत नाही. मग सगळ्यांसोबत पुन्हा ताट. हिला "मनावर ताबा ठेव" असं सांगणारा सल्लागार बिनकामाचा.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. खाणं मोकळं झाल्यावर कित्येकांना भरपूर जेवूनही समाधान होईना. ही माणसं खादाड नव्हती, उपासमारीनं तशी झाली.

म्हणून निघण्याआधी एक भाकर आणि वाटीभर घट्ट वरण किंवा पिठलं. चारच्या चहासोबत मूठभर फुटाणे, साधारण ३० ग्रॅम. जागेपणी दोन खाण्यांत चार तासांहून जास्त खंड नको. दोन आठवडे हे पाळूनही रात्रीचं खाणं तसंच राहिलं, तर पुढचं खोदायचं.

गावफिरस्ता_समुपदेशक
पुढचं म्हणजे वही. आठवडाभर फक्त एवढंच लिहायचं : वेळ, पदार्थ, भुकेला दहापैकी गुण, आणि खाण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय झालं. भाकरी मोजायला लावू नका, लोक मग तुम्हाला आवडेल अशी वही भरतात. लिहिता येत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पोटाच्या भुकेला ठिपका, बाकीला फुली.

फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो : "आत्ता ज्वारीची भाकर आन् ठेचा चालते का?" चालत असेल तर पोटाची भूक. शेवचिवडाच पाहिजे असेल तर बहुधा दुसरं काही. (दिवसभराच्या उपाशी माणसालाही तळलेलंच हवंसं वाटतं, म्हणून वरच्या ताईंचं आधी करा.)

आठवड्याभरात फुल्या कुठं गोळा होतात ते दिसतं. बचत गटाच्या हप्त्याचा दिवस, माहेरचा फोन आल्यानंतरचा तास, सोयाबीनचा भाव ऐकून घरी आल्यावर. मग विचारा, "त्या वेळी खाल्लं नसतं, तर काय करावं लागलं असतं?" उत्तर बहुतेक वेळा अन्नाबद्दल नसतंच. सावकाराशी बोलावं लागलं असतं, नवऱ्याला विचारावं लागलं असतं, एकटं बसावं लागलं असतं. खाल्ल्यानं तो ताण काही मिनिटं खरंच हलका होतो, म्हणून तर सवय जडते. नंतर लाज वाटते, आणि लाजेवरचा उतारा म्हणून पुन्हा खाणं.

त्यामुळं घरच्यांचं "किती खातं व माय!" हमखास उलटं पडतं. खाणं चोरून सुरू होतं, उभ्यानं, डब्यातूनच, पटापट. किती पोटात गेलं ते मग खाणाऱ्यालाही कळत नाही. बंदी घालू नका. जे खायचं ते ताटात वाढून, बसून खायचं, एवढी एकच अट ठेवा. चिवडा असला तरी चालेल.

ओलितवाला
रात्रीची लाईन विसरू नका, भाऊ. मोटर रात्री चालवायची म्हणजे जागरण. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. दुसऱ्या दिवशी चौकातला आलुबोंडा त्यामुळंच जास्त ओढतो. ओलितावर भाकर-भाजीचा डबा न्यावा, दुपारी तासभर आडवं व्हावं. दारू सोबत असेल तर मात्र चखण्यावर ताबा राहत नाही, तिथं आधी दारूचंच पाहावं लागतं.

उपासतापास
गुरुवार, एकादशी धरणाऱ्यांसाठी. दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी साबुदाण्याची परात, हा घोळ नेहमीचा. कडक बंधन जरासं मोडलं की "आता मोडलाच, तर खाऊन घेऊ" हा विचार येतो. डाएटवाल्यांचंही हेच होतं. दुपारी भगर, दाण्याची आमटी आणि ताक घेतलं की संध्याकाळ निभते.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये. शुगर उतरली की घाम, थरथर आणि राक्षसी भूक. तेव्हा तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घ्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, मग भाकर. लोक घाबरून त्या १५ मिनिटांतच गूळ, केळी, भात सगळं खातात आणि शुगर पार वर जाते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीच घालू नका.

वहिनीसाहेब
आग्रहाचं कोणी लिहिलं नाही! पंगतीत तोंडानं "नको" म्हणून भागत नाही. पहिल्यांदाच अर्धं वाढून घ्या, म्हणजे दुसऱ्या वाढीला जागा राहते आणि वाढणारीचंही मन राहतं. लेकराला "ताट चाटूनपुसून संपव" म्हणणं सोडा. काय आणि केव्हा द्यायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते त्यानं.

समुदाय_आरोग्य_अधिकारी
आजार कुठं सुरू होतो तेही लिहितो. साधारण दोन तासांत खूप जास्त खाणं, थांबता न येणं, असं आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, आणि त्याचा मनाला त्रास होणं : ही अतिभक्षण विकाराची २०१३ पासूनची डीएसएम-५ (मानसिक आजार ओळखायची अमेरिकन पुस्तिका) मधली खूण. खाऊन मुद्दाम उलटी करत असेल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असेल तर थांबू नका, पोटॅशियम उतरून हृदयाला धोका असतो.

मनाचं धरण्याआधी शुगर आणि थायरॉइड तपासा, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं मागवा. स्टेरॉइड, मानसिक आजारावरची ओलांझापिन आणि "ताकदीची गोळी" म्हणून दिलेली सायप्रोहेप्टाडिन भूक वाढवतात. मानसिक आजाराची गोळी मात्र स्वतःहून बंद करायला सांगू नका.

बोलायला कोणी नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि जिल्हा रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर "वजन जास्त" एवढंच लिहू नका. "खाण्यावर ताबा राहत नाही, मानसोपचार विभाग" असं स्पष्ट लिहा, नाहीतर बाई आहाराचा तक्ता घेऊन परत येते.