रोटरीसारख्या क्लबात माणसं खरंच जोडली जातात का? (कोल्हापूर)

बदलीवाली:
नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही नागपूरहून कोल्हापुरात आलोय. ताराबाई पार्कात राहतो. शेजारच्या काकू परवा रोटरीच्या मीटिंगला घेऊन गेल्या. सगळे एकमेकांना वहिनी, काका म्हणत होते, एकमेकांच्या ताटात वाढत होते. हे खरंच घरच्यासारखं असतं की बॅनरपुढच्या फोटोपुरतं? वर्गणीही काही थोडकी नाही. इथे नात्याचं कुणी नाही, म्हणून विचारतेय.

पेठकर:
वर्गणी कशाला घालवताय? शिवाजी पेठेत या, तालीम मंडळं हायत की. रात्री दोनला हाक मारा, पोरं हजर. बॅनर बी लागत नाही.

उद्यमनगरवाला:
पेठकर, तुमचं खोटं नाही. पण तालमीत पेठेतलाच जन्म लागतो, बदलीवर आलेल्यानं कुठं जायचं? ताई, रोटरी काढली तीच अशा एका परगावच्या माणसानं. पॉल हॅरिस हा लहानशा गावात वाढलेला वकील. शिकागोत त्याला करमेना, म्हणून 1905 साली आणखी तिघांना घेऊन बसला. आळीपाळीनं एकमेकांच्या ऑफिसात जमायचे. समाजसेवा मागनं आली.

माझं उद्यमनगरात मशीन शॉप आहे. क्लबात गेलो ते, खरं सांगतो, गिऱ्हाईक मिळंल म्हणून. मग 2019 चा ऑगस्ट आला. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर. शिरोलीजवळ हायवे बंद, शहरात पेट्रोल नाही, दूध नाही. खरं काम पाणी ओसरल्यावर सुरू झालं. बाहेरनं जुन्या साड्यांचे ढीग येत होते आणि लोकांना पाहिजे होता खराटा, फिनेल, ब्लीचिंग पावडर, कोरडी गादी. आमच्यात गुजरीतला एक सराफ आहे, एरवी मिलीग्रॅमशिवाय बोलत नाही. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून एका आजीच्या स्वयंपाकघरातला गाळ फावड्यानं ओढला. आजी दारात उभी राहून त्यालाच दम देतीया, "हळू की रं, फरशी फुटंल!" आणि हा मुकाट्यानं "व्हय आज्जी" म्हणतोय. त्या दिवसापासनं त्याचं-माझं अहो-जाहो संपलं.

पुढं वडिलांची बायपास झाली. डब्याच्या पाळ्या वहिन्यांनी आपसात लावून टाकल्या, मला विचारलं बी नाही. थर्मासातनं पांढरा रस्सा यायचा (आमच्यासाठी, पेशंटला नव्हे). सख्खे चुलते फोनवर चौकशी करून मोकळे झाले होते. आता पोरगी पुण्यात शिकते, ती सराफाच्या बहिणीकडं राहते. भाड्याचा विषय काढला तर त्यानं मला शिवी घातली.

भांडणं पण घरच्यासारखीच बरं का. साखरपुड्याचं आवतण उशिरा पोचलं की अबोला. पदावरनं रुसवे तर दरसाल. पण 1 जुलैला अध्यक्ष बदलतो आणि कालचा अध्यक्ष शिबिरात खुर्च्या मांडतो, त्यामुळं कुणी फार ताणत नाही. फोटोवाले असतात, नाही कशाला म्हणू? कार्यक्रम झाल्यावर सतरंज्या गुंडाळायला कोण थांबतंय ते बघा, त्यांच्याशी ओळख वाढवा.

राजारामपुरीची सून:
दादांनी एक सोडलंच. सदस्याच्या बायकोला 'ॲन' आणि पोरांना 'ॲनेट' म्हणायची पद्धत आहे, मला ती कधीच पटली नाही. रोटरीनं 1989 साली बायकांना सदस्यत्व खुलं केलंय, तेव्हा नवऱ्याच्या मागून जाऊ नका, फॉर्म तुमच्या नावानं भरा. मी तेच केलं. आणि वर्गणीत जेवणाचे पैसे धरलेत की वेगळे, ते आधी विचारून घ्या. नंतर विचारलं की सगळे हसतात आणि सांगत कुणीच नाही.

बदलीवाली:
धन्यवाद सगळ्यांना. काकू म्हणाल्या रविवारी डोळे तपासणी शिबिर आहे. आधी तिथेच जाऊन बघते, फॉर्मचं नंतर.

उद्यमनगरवाला:
मग आमचंच शिबिर. या. नावं लिहून घ्यायला माणूस कमी आहे. नाश्ता करून येऊ नका, मिसळ आहे.

पेठकर:
मिसळ कुठली ते आधी सांगा.