'तेंगू' : कुत्रा, पक्षी की नाक?

जपानी शिकतोय. 'तेंगू' शब्दात दोन कांजी, म्हणजे चिनीतून घेतलेली अक्षरं, आहेत: 'तेन' म्हणजे आकाश, 'गू' म्हणजे कुत्रा. पण पुस्तकातल्या चित्रात पंख आणि चोच! शिवाय खाली वाक्य, 'तो हल्ली तेंगू झालाय.' मराठीत काय लिहू?

— कुत्रा चीनमधून आला. तिथे कडाडत पडणाऱ्या उल्केला आकाशातला कुत्रा म्हणत. 'निहोन शोकी' या जपानच्या जुन्या इतिहासग्रंथात इ.स. 637 ची नोंद आहे. मोठा तारा गडगडत पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला. लोक म्हणाले उल्का. चीनमध्ये शिकून आलेला मिन नावाचा भिक्षू म्हणाला, छे, हा तेंगू, भुंकतोय. पुढे जपानी डोंगरांतल्या भुताटकीला हेच नाव चिकटलं. अक्षरं तीच राहिली, कुत्रा गेला. बाराव्या शतकातल्या कथांत तेंगू बऱ्याचदा घारीच्या रूपात भेटतो.

— म्हणजे आपला गरुडच की!

— थांबा. गरुडाचं जपानी रूप वेगळं आहे, 'कारुरा'. संस्कृत शब्द चिनीतून तिकडे गेला. जपानमधल्या नारा शहरातल्या कोफुकुजी मंदिरात 734 मधली चोचवाली कारुराची मूर्ती आहे. तेंगूच्या रूपावर त्याची छाप असावी असं म्हणतात, पण शब्द म्हणून दोघांचं काही नातं नाही.

— आणि ते वाक्य? 'ब्रह्मसमंध झालाय' असं केलं तर?

— कल्पना वाईट नाही. गर्विष्ठ भिक्षू मेल्यावर तेंगू होतो, अशी तिकडे समजूत होतीच. पण आपला समंध पिंपळावर बसतो, वाचक भलतीकडे जाईल. इथे अर्थ फक्त 'फार गर्व चढलाय' एवढाच. चोचीच्या जागी लांब नाक नंतर आलं, आणि जपानीत 'नाक उंच असणं' म्हणजेच गर्व असणं.

— मग 'नाकाने कांदे सोलतो'?

— नको. त्यात सोवळेपणाचा आव आहे. तेंगू होणाऱ्याला खरोखर काहीतरी जमलेलं असतं, म्हणून तर तो फुगतो. 'शेफारलाय' चालेल, पण त्यात नाक हरवतं.

— 'हल्ली त्याचं नाक फार वर गेलंय' असं लिहितो.

— झकास. फक्त चित्र एकदा बघा. चोचवाला म्हणजे तो 'कारासू तेंगू', कारासू म्हणजे कावळा. वर करायला त्याला नाकच नाही.