बंद ट्रॉलीत बुलेट चढवण्यासाठी रॅम्प कोणता घ्यावा? मदत हवी आहे

माझ्याकडे रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे (वजन १९५ किलो) आणि ती खानापूरहून बेळगावला नेण्यासाठी चारही बाजूंनी बंद असलेली ट्रॉली आहे. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून २७ इंच उंच, आतली लांबी साडेसात फूट आणि दाराची रुंदी ४ फूट आहे. छत ठेंगणे असल्यामुळे गाडीवर बसून आत जाता येत नाही. शेजारी चालत, पहिल्या गिअरमध्ये क्लच सांभाळत ती चढवावी लागते.

आधी पाच फुटी सागवानी फळी वापरून पाहिली. चढ सुमारे २७ अंशांचा झाला, पुढचे चाक आत गेले आणि फ्रेमचा खालचा भाग दाराच्या कडेला घासला. त्यातच फळीचे वरचे टोक दोन बोटे मागे सरकले. तेव्हापासून मी एकट्याने हा प्रयत्न केलेला नाही. आठ फुटी रॅम्पने चढ १६ अंशांवर येतो, परंतु तो अखंड असेल तर ट्रॉलीत सरळ मावणार नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लोखंडी रॅम्प बनवून घेता येईल, पण चेकर प्लेट (उंचवट्यांची नक्षी असलेला पत्रा) आमच्याकडच्या पावसात निसरडी होते, हा माझा अनुभव आहे. तयार ॲल्युमिनियमचा घडीचा रॅम्प वजनाला हलका पडतो. मात्र मागचे चाक नेमके बिजागरीवर येते तेव्हा तो लवतो का, हे मला कळलेले नाही.

ज्यांनी एवढ्या वजनाची गाडी प्रत्यक्ष चढवली आहे त्यांनी कृपया सांगावे: आठ फुटी घडीचा रॅम्प घ्यावा की सात फुटी अखंड, चालणाऱ्यासाठी शेजारी दुसरी पट्टी लागते का, आणि वरचे टोक ट्रॉलीला नेमके कशाने जखडावे?